१२० बाय ४५: आमच्या गेमचं कव्हर ठरेपर्यंतचे सहा महिने

१८ जुलै २०२५ ला आमच्या गेमचं पान स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, ‘लवकरच येत आहे’ म्हणून सुरू झालं. गेम अजून विक्रीला आलेला नाही, त्यामुळे यशाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण त्या पानावरच्या एका चित्रापायी सहा महिने गेले. त्या दिवसांत मराठीत याबद्दल कुणी लिहिलंय का म्हणून पुष्कळ शोधलं, काही सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात करायची नाहीये.

मी कोल्हापूरची. दिवसा घरून नोकरीचं काम करते. रात्री नऊनंतर मी आणि माझा धाकटा मावसभाऊ गेमवर बसतो. कोड माझा, खेळातली पिक्सेलची चित्रं त्याची. गेम दांडपट्टा चालवणाऱ्या एका पोरीचा आहे. एका रात्रीत तिला पहारे मोडत गड उतरून खाली यायचंय. रक्त दाखवायचं नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. वार बसला की गुलाल उडतो. या गुलालाबद्दल पुढे बरंच सांगायचंय.

ऑक्टोबरमधल्या स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये डेमो दाखवायचा होता. येऊ घातलेल्या गेमचे डेमो दाखवणारा स्टीमचा हा ऑनलाइन मेळा वर्षातून तीनदा भरतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, पण एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. म्हणजे त्याआधी पान उघडून लोकांच्या नजरेत असणं भाग होतं. जानेवारीत आम्हाला वाटलं, अजून नऊ महिने आहेत, भरपूर झाले.

जानेवारीच्या शेवटी आम्ही पहिलं कव्हर घरीच बनवलं. खेळातलाच एक प्रसंग मोठा केला: रात्रीची वेळ, निळं आभाळ, चंद्र, गडाची काळी कड आणि त्यावर उभी पोरगी. मोठ्या स्क्रीनवर फार सुंदर दिसत होतं. घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले. मी चार दिवस खुशीत होते. मग भावाने ते चित्र लहान करून स्टीमच्या शोधयादीच्या स्क्रीनशॉटवर चिकटवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. “ताई, आपला गेम कुठाय सांग.” मला तो शोधावा लागला. स्टीमच्या पानाचा रंग मुळात गडद निळसर आहे. आमचं निळं-काळं चित्र त्यात असं मिसळलं होतं की तिथे चौकट आहे हेही पटकन कळत नव्हतं.

नोंदणीचं कामही याच सुमारास सुरू केलं. ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं.

स्टीमवर गेम आणायला दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. २०१७ पासून हीच पद्धत आहे. गेमची कमाई १,००० डॉलरपर्यंत गेली की हे पैसे परत मिळतात. आम्ही १० फेब्रुवारीला भरले. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून नऊ हजारांच्या आसपास खात्यातून गेले. पहिल्यांदा व्यवहार नाकारला गेला, कारण माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधीच चालू करून ठेवा. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला काढता येत नाही, आणि विक्रीच्या आधी ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे लोकांना दिसत असावं लागतं. मात्र या ३० दिवसांत पानाची तयारी करता येते, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही.

मग कराची माहिती. अमेरिकेत राहत नसलेल्या व्यक्तीसाठी डब्ल्यू-८ बेन नावाचा अर्ज असतो, तो ऑनलाइन प्रश्नोत्तरांच्या रूपात भरून घेतात. आपल्या देशाचा करक्रमांक विचारतात तिथे पॅन टाकायचा. तो टाकला आणि दोन देशांमधल्या करविषयक कराराचं कलम निवडलं, तरच कराचा कमी दर लागू होतो. माझी अडचण नावाची होती. पॅनवर माहेरचं पूर्ण नाव, बँकेत सासरचं आडनाव. ही दोन्ही नावं जुळावी लागतात. पॅनवरचं नाव बदलण्यापेक्षा मी माझं लग्नाआधीचं जुनं बचत खातं पुन्हा चालू केलं. त्यासाठी केवायसीला दोन चकरा झाल्या आणि परदेशातून पैसे यायला लागणाऱ्या स्विफ्ट कोडसाठी तिसरी, कारण आमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोडच नव्हता, मुख्य शाखेचा घ्यावा लागला. लग्न झालेल्या मुलींनो, हे आधी तपासा. माझे यात अकरा दिवस गेले.

आता पुन्हा चित्राकडे.

स्टीमवर या चित्राला कॅप्सूल म्हणतात आणि ते एक नसतं. पानाच्या माथ्यावरचं ९२० बाय ४३० पिक्सेल. मुखपृष्ठावर झळकलंच तर १,२३२ बाय ७०६. सेलच्या पानांवरचं उभं ७४८ बाय ८९६. शोधयादीत दिसणारं छोटं ४६२ बाय १७४. खेळाडूच्या लायब्ररीसाठी उभं ६०० बाय ९००, आणि वर पसरलेलं ३,८४० बाय १,२४०, ज्यावर एकही अक्षर नको. नावाचा लोगो वेगळा, पारदर्शक. माझा जीव अडकला तो छोट्या कॅप्सूलमध्ये. ते ४६२ रुंदीचं अपलोड केलं तरी स्टीम त्याच्या अजून लहान प्रती करतं आणि सगळ्यात लहान प्रत असते १२० बाय ४५. तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठी नाही. अनोळखी माणसाला आपला गेम पहिल्यांदा दिसतो तो बहुतेकदा याच आकारात.

फेब्रुवारीच्या शेवटी ठरवलं की हे आपलं काम नाही, चित्रकार गाठायचा. एकाचं काम आवडलं, ६,००० रुपये आगाऊ दिले. पहिला आठवडा बोलणं झालं, एक कच्चं रेखाटन आलं, आणि मग काहीच नाही. फोन नाही, निरोपाला उत्तर नाही. लेखी काही केलेलं नव्हतं, सगळा व्यवहार गप्पांमध्ये झालेला. मार्चचा शेवटचा आठवडा माझा फार वाईट गेला. सहा हजारांपेक्षा ते गेलेले पाच आठवडे सलत होते, आणि भावाला काय सांगायचं हेही कळत नव्हतं. मधे एक-दोन रात्री एआयकडूनही चित्रं काढून पाहिली. दांडपट्टा म्हटलं की सरळ तलवार यायची, नाहीतर जपानी कटाना. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ त्याला कितीही समजावलं तरी जमली नाही. शिवाय एआयची चित्रं वापरली तर स्टीमला तसं कळवावं लागतं आणि ते पानावर दिसतं. तीन वर्षं हाताने पिक्सेल भरणाऱ्या भावाच्या गेमवर ते लावायला माझं मन होईना.

एप्रिलमध्ये नाशिकची एक चित्रकार मिळाली. ३२,००० रुपये, त्यात तीन कच्ची रेखाटनं, एक पक्कं चित्र, दोन फेरबदल, आणि शेवटी सगळे थर वेगवेगळे असलेली मूळ फाइल. या शेवटच्या मुद्द्यावर अडून राहा. पात्र, पार्श्वभूमी आणि लोगो वेगळे नसतील तर उभ्या-आडव्या सात आकारांत ते बसवता येत नाही.

या वेळी आम्ही करारनामा केला, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. ओळखीच्या वकीलकाकांनी मसुदा बघून एक गोष्ट सांगितली, ती मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही करून द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमचा गेम जगभर दिसणार. म्हणजे नुसतं ‘सर्व हक्क दिले’ असं लिहून पाच वर्षांनी आम्हीच अडचणीत आलो असतो. काकांनी ‘संपूर्ण जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द घालून घेतले. चित्रकाराला तिच्या कामाच्या संग्रहात चित्र दाखवायची परवानगी आणि गेममध्ये तिचं नाव, हेही लिहिलं. दोघींनाही बरं वाटलं.

१२ एप्रिलला जोतिबाची चैत्र यात्रा होती. आम्ही दरवर्षी जातो. सासनकाठ्या वर येत होत्या, गुलाल उधळला जात होता, पायऱ्या, माणसं, मंदिराचा काळा दगड सगळं गुलाबी. खाली उतरताना मागे वळून पाहिलं तर इतक्या लांबून माणसं ओळखू येत नव्हती, काठ्याही पुसट झाल्या होत्या, तो रंग मात्र तेवढाच ठसठशीत होता. त्याच रात्री चित्रकाराला फोटो पाठवले. गुलाल तर आमच्या खेळात पहिल्यापासून होता, आणि तरी कव्हरवर आम्ही चंद्र काढत बसलो होतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात तीन रेखाटनं आली. ‘अ’मध्ये पोरगी मधोमध, डोक्याभोवती पट्टा गोल फिरवतेय आणि चहूकडे गुलाल. ‘ब’मध्ये फक्त चेहरा आणि रोखलेले डोळे. ‘क’मध्ये ती बुरुजावरून झेप घेतेय, खाली पहारेकऱ्यांची शिरस्त्राणं. मला ‘अ’ इतकं आवडलं की लगेच होकार कळवणार होते. भाऊ म्हणाला, “ताई, मागच्या वेळी पण आपल्याला आवडलंच होतं.”

मग आम्ही एक पद्धत ठरवली. स्टीमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात आपलं चित्र इतर अकरा अ‍ॅक्शन गेमच्या मधे, त्यांच्याच आकारात बसवायचं. फोन दोन सेकंद दाखवायचा आणि पालथा ठेवायचा. कुठलं चित्र आपलं हे सांगायचं नाही. आधी विचारायचं, काय काय दिसलं? आपल्या चित्राचा उल्लेख आला, तर त्या गेममध्ये काय करायचं असेल, आणि नाव काय होतं? ‘आवडलं का’ हा प्रश्न आम्ही वर्ज्य केला. तो विचारला की समोरचा आपलं मन राखतो आणि हातात काही येत नाही. उत्तर येईल तसं, त्याच शब्दांत वहीत लिहायचं.

पहिली आई. ती पोळ्या लाटत होती, हात पिठाचे. मी फोन धरला, काढून घेतला. “एक बाई होती गुलाबी. साप धरायलीया का ती?” मी पुन्हा दाखवलं. “सापच की गं तो. सर्पमित्र असतात तशी.” नीट बघितलं तर खरंच, एवढ्या लहान चित्रात ते लवचिक, वळणदार पातं सापासारखंच दिसत होतं. आईला दांडपट्टा माहीत नाही असं नाही. दर शिवजयंतीला मिरवणुकीत तिने तो पाहिलाय.

राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेच्या मालकाला विचारून दोन संध्याकाळी तिथे बसलो, पोरांना चहा पाजला. त्यातल्या बहुतेकांना ‘अ’ दिसलं, म्हणजे रंगाने नजर ओढली होती. पण ‘चाबूक’, ‘दोरी’, एकाने ‘पाण्याचा पाइप’ म्हटलं. माझी एक वर्गमैत्रीण नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला असते, तिने ऑफिसातल्या नऊ जणांना दाखवलं. तिचा निरोप वाचून मी बराच वेळ गप्प बसले. पाच जण म्हणाले होळीचा नाचाचा गेम. दोघांना ती रिबन घेऊन करतात ती जिम्नॅस्टिक्स वाटली. मला जे चित्र इतकं आवडलं होतं, त्यात मारामारी आहे हे बाहेरच्या कुणालाच दिसलं नव्हतं.

‘ब’ सगळ्यांना नीट दिसलं, पण ‘गोष्ट वाचायचा गेम असेल’ असं उत्तर यायचं. ‘क’ बघून लोक म्हणाले ‘उडी आहे’, ‘कुणावर तरी तुटून पडतेय’. मात्र हातात काय आहे ते कुणालाच सांगता आलं नाही, आणि रंग फिका असल्याने पहिल्या नजरेत ते सुटूनच जायचं.

चित्रकाराशी बोलून ठरलं की पवित्रा ‘क’चा घ्यायचा आणि गुलाल ‘अ’चा, पण सगळीकडे नाही. पात्याच्या वाटेमागे एकच फराटा, बाकी दगड. पण पट्टा साप दिसू नये म्हणून नक्की काय करायचं ते आम्हा तिघांनाही सुचेना. तेव्हा आम्ही आमच्या पेठेतल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात गेलो.

वस्तादांनी चष्मा लावून फोन बराच वेळ पाहिला. पहिलंच वाक्य, “मनगाट वाकलंय हिचं.” मला कळलं नाही. त्यांनी भिंतीवरचा पट्टा काढून माझ्या हातात चढवला. मूठ आत, आडव्या कडीला धरायची, आणि वरचं लोखंड थेट कोपरापर्यंत येतं. वरून पट्टी आवळली. मग म्हणाले, “आता वाकवून दाखव.” वाकेना. मनगट आणि पातं एका रेषेतच राहतात. तलवारीला मनगट खेळवता येतं, पट्ट्याचा वार खांद्यातून आणि कोपरातून सुटतो. पातं चार फुटांच्या आसपास, दोन्ही बाजूंनी धार, आणि हातात नुसतं धरलं तरी टोक थरथरत राहतं. “उभं राहिलं की लवतं, वार सुटला की ताठ होतं,” ते म्हणाले. एका चौदा वर्षांच्या मुलीला हाक मारली. तिने जमिनीवर ठेवलेल्या लिंबावर वार केला. खण्‌ आवाज आला, लिंबाच्या दोन फोडी झाल्या, खालच्या फरशीवर ओरखडाही नाही.

तीन वर्षं मी या शस्त्राचा गेम लिहीत होते आणि ते हातात त्या दिवशी पहिल्यांदा चढवलं. खेळातल्या हालचालीतही आम्ही मनगट फिरवलं होतं. ते पुढे भावाने सगळं पुन्हा काढलं, त्याला तीन आठवडे लागले, पण तो एका शब्दाने कुरकुरला नाही.

त्या मुलीच्या आईवडिलांना विचारून आम्ही तिचे वीसेक फोटो काढले, फक्त चित्रकाराला बघायला. नवं चित्र जूनच्या मध्यावर आलं. पात्र कर्णरेषेत झेपावलेलं, कोपरापर्यंतची लोखंडी मूठ आपल्याकडे, मोठी. पातं ताठ आणि एका कडेला मशालीचा उजेड. कोपऱ्यात एका पहारेकऱ्याचं शिरस्त्राण, तेही वार चुकवत मागे झुकलेलं. कर्णरेषेचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: उभ्या चौकटीतही पातं तुटत नाही.

पुन्हा वही काढली. कॅफेतली नवी पोरं, मैत्रिणीच्या ऑफिसातला दुसरा मजला. आता ‘तलवार’, ‘लांब सुरी’, ‘हाताला चिलखत’ अशी उत्तरं आली. दांडपट्टा हा शब्द कोल्हापुरातल्यांनीच वापरला, आणि ते ठीकच आहे. परक्या माणसाला ते शस्त्र आहे आणि ही लढतेय एवढं कळलं तरी पुरे, नाव खेळात कळेल. आई म्हणाली, “ही आता कुणाला तरी हाणणार बघ.”

तरीही एक गोष्ट हुकली होती. फोनच्या सेटिंगमध्ये पडदा काळा-पांढरा करता येतो. तसा करून पाहिल्यावर गुलाल दगडात विरला. रंग वेगळे होते पण उजळपणा सारखाच. उन्हात फोन बघणाऱ्याला किंवा रंग नीट न ओळखू शकणाऱ्याला ते चित्र सपाट दिसलं असतं. भिंत दोन पायऱ्या गडद केली आणि गुलालावर मशालीचा उजेड पाडला. हा तिसरा फेरबदल होता, त्याचे ४,००० रुपये वेगळे दिले. ही काळ्या-पांढऱ्याची तपासणी पहिल्या रेखाटनालाच करा, तुमचे पैसे वाचतील.

लोगोवरून मात्र माझी आणि चित्रकाराची थोडी ताणाताणी झाली. रोमन अक्षरांवर देवनागरीसारखी शिरोरेषा ओढायची तिची कल्पना. मोठ्या आकारात ती डौलदार दिसायची. १२० बाय ४५ मध्ये ती रेघ आणि अक्षरांचे माथे एकत्र होऊन नुसती पट्टी उरायची. कॅफेत एकालाही नाव वाचता आलं नाही. तिला मी वहीची पानं पाठवली, माझं मत नाही पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच शिरोरेषा काढली, अक्षरं जाड केली, आणि छोट्या कॅप्सूलमध्ये पात्राला कापून फक्त डोकं, मूठ आणि पातं ठेवलं. उरलेली जवळजवळ सगळी जागा नावाला. स्टीमचं मार्गदर्शनही हेच सांगतं, की छोट्या चित्रात आधी नाव वाचता आलं पाहिजे. ‘होलो नाइट’ या गेमचा पांढरा, दोन शिंगांचा मुखवटा कितीही लहान केला तरी ओळखू येतो, तसं आमचं काय, हे आम्ही शोधत होतो. ती लोखंडी मूठ निघाली.

३ जुलैच्या संध्याकाळी पान तपासणीला पाठवलं. तपासणीला तीन ते पाच कामाचे दिवस लागतात. हे दिवस अमेरिकेचे असतात हे विसरू नका. ४ जुलैला त्यांची सुटी, मग शनिवार-रविवार. आमच्याकडे ६ तारखेला आषाढी एकादशी होती, आई विठ्ठलाला हात जोडताना ‘पोरांचं ते चित्र’ पण पुटपुटली. ९ तारखेला पान परत आलं. चूक पूर्णपणे माझी. मुख्य कॅप्सूलच्या कोपऱ्यात मी स्वतः ‘डेमो लवकरच’ अशी छोटी पट्टी जोडली होती. सप्टेंबर २०२२ पासून नियम आहे की कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक याशिवाय काही नको. परीक्षणातले तारे नकोत, पुरस्काराचं नाव नको, सवलतीची जाहिरात नको. मोठा अपडेट आला तर त्याची पट्टी ठरावीक काळापुरती लावता येते, पण त्याची वेगळी सोय आहे आणि ती आपोआप उतरते. हा नियम मी वाचलेला होता. शेवटच्या रात्री घाईत विसरले. १० तारखेला दुरुस्त करून पाठवलं, १५ ला मंजूर झालं. मंजुरीनंतर पान आपोआप उघडत नाही, बटण आपणच दाबायचं असतं. शुक्रवारी, १८ तारखेला, भाऊ कामावरून आल्यावर त्याने दाबलं.

एकंदर खर्च सांगते: बुडालेले ६,०००, चित्राचे ३६,०००, मुद्रांक आणि टंकलेखनाचे सातशेच्या आसपास, स्टीमचे नऊ हजार. चहाचा हिशोब ठेवला नाही.

पान उघडल्यावर स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवर, दोन आकडे दिसतात: चित्र किती वेळा लोकांसमोर आलं आणि त्यातून किती जण पानावर आले. पहिले पंधरा दिवस मी ते दर तासाला बघत होते, झोप उडाली होती. ते करू नका. एकाच वेळी दोन कव्हर लावून तुलना करायची सोय गूगल प्लेवर आहे, स्टीमवर नाही, त्यामुळे हे आकडे चित्रामुळे आले की आणखी कशामुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर डेमोसाठी फुकट पान करून ६३० बाय ५०० चं कव्हर लावलं आणि दर आठवड्याला बदलून पाहिलं, पण इतक्या कमी लोकांत फरक कळेना. माझा भरवसा अजून वहीवरच आहे.

त्या शुक्रवारी रात्री आईच्या फोनवर स्टीम उघडून दिलं. यादीत बोट सरकवत सरकवत ती आमच्या चित्रापाशी थांबली. मग पान उघडून मोठं चित्र आलं, ते तिने दोन बोटांनी आणखी मोठं केलं. “पायात काही नाही व्हय गं हिच्या? दगडावरनं उड्या मारायलीया.”

इतक्या लोकांना दाखवलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी चरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आखाड्यात गेले तेव्हा वस्तादांना विचारलं. ते आखाड्याची तांबडी माती सारखी करत होते. त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, “मैदानात वहाणा घालून कोण उतरतंय?”

पाय अनवाणीच ठेवले.